मनात उतरलेला वंशद्वेष : अमेरिकेतील कृष्णवर्णीय किशोरांच्या मनःस्वास्थ्याविषयी

अमेरिकेतील वंशद्वेषाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गुलामगिरी, झुंडबळी, वेगळ्या शाळा, वेगळ्या वस्त्या आणि मतदानावरील बंधने यांची नोंद तपशिलाने ठेवली आहे. परंतु या साऱ्याचा जो भाग माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत उतरतो आणि तेथेच मुक्काम करतो, त्याची नोंद ठेवणे अवघड असते, कारण त्याला ना कलम असते ना तारीख. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. कमारा फिलिस जोन्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात वंशद्वेषाच्या तीन पातळ्या सांगितल्या : संस्थात्मक वंशद्वेष, म्हणजे कायदा, संपत्ती, शिक्षण आणि आरोग्यसेवा यांच्या रचनेतच मुरलेली विषमता; एका व्यक्तीकडून दुसरीला भोगावा लागणारा वंशद्वेष, म्हणजे पूर्वग्रह, हेटाळणी, अकारण संशय; आणि आत्मसात वंशद्वेष, म्हणजे ज्या समूहाला कमी लेखले गेले त्याच समूहातील माणसांनी आपल्या कुवतीविषयी आणि मोलाविषयी समाजात रुळलेल्या हलक्या समजुती खऱ्या मानून चालणे. पहिली पातळी हाताळली गेली तर उरलेल्या दोन कालांतराने आपोआप सैल होऊ शकतील, असा जोन्स यांचा कयास होता. तिसरी पातळी ही पहिल्या दोहोंची उपज आहे हे त्यात गृहीत होते, आणि या विषयावर गेल्या पाऊणशे वर्षांत जे गैरसमज झाले ते बहुतेक हे गृहीत निसटल्यामुळे झाले.

आत्मसात वंशद्वेष म्हटले की न्यूनगंड हा ओळखीचा शब्द मराठी वाचकाच्या मनात येईल, पण दोहोंत फरक आहे. न्यूनगंड कोणालाही, कोणत्याही कारणाने जडू शकतो आणि त्याचा उगम बहुधा व्यक्तीच्या चरित्रात शोधला जातो. आत्मसात वंशद्वेषाचा उगम व्यक्तीच्या जन्माआधीचा असतो, तो एकाच वेळी लाखो मुलांना एकाच साच्यात भेटतो, आणि तो केवळ ‘मी कमी आहे’ एवढ्यावर थांबत नाही तर ‘आमच्यातले सगळे असेच’ अशी आपल्याच माणसांविषयीची अढीही त्याच्या पोटात असते. किशोरवयाचा प्रश्न वेगळा काढून अभ्यासण्याचे कारणही येथेच आहे. सहा-सात वर्षांचे मूल अपमान सोसते, पण त्याचा सिद्धान्त करीत नाही. बारा-तेराव्या वर्षापासून अमूर्त विचार करण्याची, दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहण्याची आणि एकेका प्रसंगातून नियम काढण्याची शक्ती वाढू लागते. ‘मी कोण’ या प्रश्नाची उकल हे या वयाचे मुख्य काम असल्याचे एरिक एरिक्सन यांनी मांडले, आणि नेमक्या याच वयात कृष्णवर्णीय मुलाला या प्रश्नाचे तयार उत्तर समाजाकडून न मागता मिळू लागते.

या विचाराची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. विल्यम ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात दुहेरी जाणिवेची कल्पना मांडली : स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, आणि तेही तुच्छतेने पाहणाऱ्या दुसऱ्याच्या, डोळ्यांनी पाहावे लागण्याची ती अवस्था. कार्टर वुडसन यांनी १९३३ मध्ये शाळेतल्या शिक्षणावर बोट ठेवले. कृष्णवर्णीयांच्या पूर्वजांना इतिहासात स्थानच न देणारे शिक्षण मुलांना स्वतःला तुच्छ मानायला शिकवते, असा त्यांचा आरोप होता. मार्टिनिक बेटावर १९२५ मध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ फ्रान्ट्झ फॅनन यांनी १९५२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वसाहतीतल्या माणसाचा हीनभाव आर्थिक विषमतेतून निघून त्याच्या कातडीत कसा भिनतो याची चिकित्सा केली. हे तिघेही मुख्यतः समाजाविषयी बोलत होते. मुलांना प्रत्यक्ष समोर बसवून विचारण्याचे काम मेमी आणि केनेथ क्लार्क या दांपत्याने केले, आणि आजही हा विषय निघाला की त्यांच्या बाहुल्यांची आठवण आधी होते.

तो प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण तो जितका प्रसिद्ध आहे तितका वाचला गेलेला नाही. मेमी क्लार्क यांचा जन्म आर्कान्सासमधील हॉट स्प्रिंग्सचा. लहान मुलांच्या वांशिक जाणिवेचा अभ्यास त्यांनी हॉवर्ड विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधापासून सुरू केला, आणि कीर्ती पुढे पतीच्या वाट्याला अधिक आली तरी मूळ कल्पना त्यांची होती. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांची पाहणी आहे. त्यांपैकी १३४ मुले आर्कान्सासमधील केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळांतली, तर ११९ मुले मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या मिश्र शाळांतली होती. बाहुल्या एकाच साच्याच्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या, आणि दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. मुलाला एकामागून एक सूचना दिल्या जात : तुला खेळायला आवडेल ती बाहुली दे, चांगली बाहुली दे, वाईट दिसणारी बाहुली दे, छान रंगाची बाहुली दे. त्यानंतर गोऱ्या मुलासारखी आणि कृष्णवर्णीय मुलासारखी दिसणारी बाहुली ओळखायला सांगत, आणि सर्वांत शेवटी : तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे. हा क्रम मुद्दाम ठेवलेला होता. स्वतःशी साम्य असलेली बाहुली आधी विचारली तर आवडीनिवडीची उत्तरे त्या ओझ्याखाली बदलतील, हे क्लार्क जाणून होते. परंतु याच क्रमामुळे, जी बाहुली मुलाने काही क्षणांपूर्वी ‘वाईट’ म्हणून हातात दिली तीच आता ‘मी’ म्हणून उचलण्याची पाळी त्याच्यावर येई. काही मुले या टप्प्यावर रडू लागली, काही खोलीतून पळाली. शेकडा ६७ मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली होती आणि शेकडा ५९ मुलांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असे सांगितले होते.

याच निबंधातील दोन गोष्टी सहसा उद्धृत होत नाहीत. एक म्हणजे गोऱ्या बाहुलीचे आकर्षण वयाच्या चौथ्यापासून सातव्या वर्षापर्यंत हळूहळू कमी होत जाते. दुसरी अधिक अडचणीची : खेळायला गोरी बाहुली निवडणाऱ्यांचे प्रमाण दक्षिणेतील वेगळ्या शाळांत शेकडा ६२, तर उत्तरेतील मिश्र शाळांत शेकडा ७२ होते. म्हणजे वेगळ्या शाळेमुळेच मूल स्वतःला हीन मानते असा सरळ निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नव्हता. दक्षिणेतील मुलांनी हीनत्व शांतपणे स्वीकारले आहे आणि उत्तरेतील मुले त्याच्याशी अजून झगडत आहेत म्हणून अस्वस्थ होतात, असे केनेथ क्लार्क यांचे म्हणणे होते. ते खरेही असेल, पण कोणताही आकडा आला तरी टिकेल अशा प्रकारचे ते स्पष्टीकरण आहे, हेही सांगितले पाहिजे. दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेन्डन काउंटीच्या खटल्यात क्लार्क यांनी १९५१ मध्ये साक्ष दिली, आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या एकमुखी निकालपत्रात, वेगळे ठेवल्याने मुलांच्या मनात समाजातील आपल्या दर्जाविषयी हीनतेची भावना निर्माण होते असे विधान आहे आणि त्याला जोडलेल्या ११ व्या तळटीपेत पहिला संदर्भ क्लार्क यांच्या १९५० च्या अहवालाचा आहे.

निकाल योग्यच होता. मात्र त्याला आधार देताना जखम मुलाच्या मनात दाखवली गेली, आणि ज्याची जखम त्याच्यावरच उपचार, या न्यायाने पुढची पावले पडली. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळांत हलवण्यात आले. गोऱ्यांची मुले कृष्णवर्णीय शिक्षकांच्या हाताखाली बसवण्याची कल्पना फारशा कोणाला रुचली नाही. परिणामी दक्षिणेतील आणि सीमावर्ती सतरा राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात नोकरी गमावलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकांची व मुख्याध्यापकांची संख्या साधारणपणे ३८,००० सांगितली जाते. ही माणसे मुलांना ओळखीची होती, रविवारी त्याच चर्चमध्ये भेटणारी होती, आणि शिकलेला कृष्णवर्णीय माणूस कसा दिसतो याचे मुलांसमोरचे रोजचे उदाहरण होती. त्यांच्या जाण्याने मुलांचे किती नुकसान झाले याचा हिशेब त्या काळी कोणी मांडला नाही. नॉर्थ कॅरोलायनातील विद्यार्थ्यांच्या अलीकडच्या अभ्यासात मात्र तिसरी ते पाचवीच्या दरम्यान एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला तरी अत्यंत गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांत शाळा सोडण्याचे प्रमाण शेकडा ३९ ने घटलेले आढळले आहे.

जखमेची ही भाषा १९५० च्या दशकात सर्वत्र पसरली. मनोविश्लेषक अब्राम कार्डिनर आणि लायोनेल ओव्हसी यांनी १९५१ मध्ये अवघ्या पंचवीस व्यक्तींच्या मुलाखतींवरून कृष्णवर्णीय व्यक्तिमत्त्वाच्या मुळाशी आत्मद्वेष असल्याचा निष्कर्ष काढला, आणि हेतू सहानुभूतीचा असूनही त्यांच्या लेखनात कृष्णवर्णीय माणूस केवळ तुटलेला, केवळ दयेचा विषय होऊन राहिला. इतिहासकार डॅरिल मायकल स्कॉट यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की कृष्णवर्णीयांचे मानस मोडलेले आहे ही प्रतिमा उदारमतवाद्यांनी मदत मागण्यासाठी आणि सनातन्यांनी मदत नाकारण्यासाठी सारख्याच सोयीने वापरली. एका बाजूस दया, दुसऱ्या बाजूस तिरस्कार. दोन्ही बाजूंना मुलाचे मन मात्र बिघडलेलेच हवे होते.

म्हणूनच १९७० च्या दशकाच्या आरंभी मॉरिस रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोरमधील तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा अभ्यासकांना धक्का बसणे स्वाभाविक होते. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान, म्हणजे माणूस म्हणून स्वतःला ती जी किंमत देतात ती, गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हती. शिवाय ज्या शाळांत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती तेथील मुले, गोऱ्यांच्या बहुसंख्येत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांपेक्षा या बाबतीत काहीशी वरचढ होती. पुढे असेच निष्कर्ष पुनःपुन्हा येत राहिले. बर्नाडेट ग्रे-लिटल आणि ॲडम हाफडाल यांनी २००० मध्ये तोवरच्या शेकडो तुलना एकत्र करून पाहिल्या तेव्हा कृष्णवर्णीय मुलांचा आणि तरुणांचा आत्मसन्मान सरासरीने गोऱ्यांपेक्षा थोडा अधिकच असल्याचे दिसले. मग बाहुल्यांचे काय? विल्यम क्रॉस यांचे उत्तर असे की क्लार्क यांनी मोजली ती समूहाविषयीची आवडनिवड, आणि तिच्यावरून अनुमान काढले गेले ते व्यक्तीच्या आत्ममूल्याविषयी; या दोन गोष्टी एका मनात वेगवेगळ्या दिशांना असू शकतात. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी १९८९ मध्ये आणखी एक पदर उलगडला : कमी लेखला गेलेला माणूस स्वतःची तुलना आपल्यासारख्यांशी करतो, वाईट शेरा मिळाला तर तो देणाऱ्याच्या पूर्वग्रहाला त्याचे कारण मानू शकतो, आणि ज्या क्षेत्रात आपल्याला उभे राहू दिले जात नाही त्या क्षेत्राची किंमतच मनातून उतरवतो. यांतील शेवटचा उपाय आत्मसन्मान राखतो खरा, पण ते क्षेत्र शाळेतले गणित असेल तर त्याची भरपाई पुढे आयुष्यभर करावी लागते.

या परस्परविरोधी वाटणाऱ्या निष्कर्षांतून एकच सुसंगत वाचन निघते, आणि या लेखनाचा रोख तोच आहे. आत्मसात वंशद्वेष हा मुलाच्या संपूर्ण मनाला लागलेला रोग नाही. तो ठरावीक दारांनी आत येतो आणि ठरावीक जागी दुखतो. आपण आपल्या घरात, आपल्या वस्तीत, आपल्या चर्चमध्ये मोलाचे आहोत हे ठाम माहीत असलेली मुलगी आरशासमोर आपल्या केसांपाशी अडखळू शकते. मित्रांत पुढारी असलेला मुलगा परीक्षेच्या खोलीत शिरताच आपण येथले नाही असे मानू शकतो. रॉबर्ट सेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वांशिक ओळखीचे जे घटक वेगळे केले त्यांत स्वतःला आपल्या समूहाविषयी काय वाटते आणि जगाला आपल्या समूहाविषयी काय वाटते असे आपण समजतो, हे दोन भाग स्वतंत्र धरले आहेत. मुलांना जगाचे मत अचूक कळते. ते मत त्यांनी मानलेच असेल असे नाही. हा फरक न करणाऱ्या समुपदेशकाला जखम नसलेल्या जागी जखम दिसते आणि असलेली दिसत नाही.

या दारांपैकी केसांचे दार जवळून पाहावे. घट्ट कुरळे केस सरळ करण्याची गरम धातूची फणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कृष्णवर्णीय घरांत रुळली. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर फणी तापायची, आई किंवा आजी खुर्चीवर आणि मुलगी तिच्या गुडघ्यांमध्ये पाठमोरी बसायची, कान हाताने मुडपून धरायचा आणि हलायचे नाही. रविवारी चर्चला जाताना केस गुळगुळीत हवेत. नंतर आलेल्या रासायनिक द्रव्यांत सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, असे. ते डोक्यावर थोडे अधिक वेळ राहिले तर टाळू भाजून फोड येत, आणि मुळांकडून नवे कुरळे केस उगवत असल्याने दर काही आठवड्यांनी तेच पुन्हा करावे लागे. मुलीला यातून दोन संदेश एकाच वेळी मिळत : तुझ्यावर इतका वेळ घालवण्याइतकी तू मोलाची आहेस, आणि तू जशी उगवतेस तशी चारचौघांत नेण्यासारखी नाहीस. पहिला संदेश खरा होता म्हणूनच दुसरा खोल उतरला. यावर घाईने निवाडा देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की बहुतेक आयांना आपल्या मुलीच्या केसांची लाज नव्हती. तसल्या केसांनी मुलगी बाहेर पडली तर शिक्षक, मालक आणि शेजारी तिला काय समजतील याची धास्ती होती, आणि ती धास्ती अनुभवाने शिकवलेली होती. आत्मसात वंशद्वेष मोजणाऱ्या काही आधुनिक प्रश्नावल्यांत केस व रूप बदलण्याविषयीची विधाने असतात. त्यांवरून केस सरळ करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या नावे आत्मद्वेषाचे गुण लावणे म्हणजे सावधगिरीला आजार ठरवणे होय. फॅशनचा भाग तर वेगळाच.

कातडीच्या छटेचे दार याला लागूनच आहे. एकाच समूहात उजळ रंगाला वरचे आणि गडद रंगाला खालचे स्थान देण्याच्या या प्रवृत्तीला ॲलिस वॉकर यांनी १९८० च्या दशकात स्वतंत्र नाव दिले, पण तिची मुळे मळ्यांवरच्या गुलामगिरीत आहेत, जेथे मालकापासून झालेल्या संततीला काही वेळा शेतातल्या कामाऐवजी घरातले काम मिळे. टोनी मॉरिसन यांनी १९७० च्या आपल्या पहिल्या कादंबरीत, ओहायोतील लोरेन या आपल्या जन्मगावी, निळ्या डोळ्यांचा ध्यास घेतलेल्या मुलीची कथा रचली आणि त्या ध्यासाची जबाबदारी मुलीवर न टाकता घर, शाळा, दुकान आणि चित्रपट यांच्यात वाटून दिली. सोळा वर्षांच्या किरी डेव्हिस या विद्यार्थिनीने २००५ मध्ये आपल्या लघुपटासाठी क्लार्क यांचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा २१ पैकी १५ मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. एवढ्या लहान नमुन्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढू नये, परंतु ज्या वयाविषयी इतरांनी लिहिले त्या वयाच्या मुलीने स्वतः हा प्रश्न हाती घेतला, ही गोष्ट आकड्यांपेक्षा मोलाची आहे.

शाळेच्या दाराविषयी एक लोकप्रिय समजूत येथेच बाजूला ठेवलेली बरी. सिग्निथिया फोर्डहॅम आणि जॉन ओगबू यांनी १९८६ मध्ये वॉशिंग्टनमधील एका शाळेच्या अभ्यासावरून, अभ्यासात पुढे असणे म्हणजे गोऱ्यांची नक्कल करणे असे कृष्णवर्णीय किशोर मानतात, असे प्रतिपादन केले, आणि वृत्तपत्रांनी ते उचलून धरले, कारण त्यात दोष सोयीस्करपणे मुलांकडे जात होता. कॅरोलिन टायसन आणि विल्यम डॅरिटी यांनी नॉर्थ कॅरोलायनातील शाळांत केलेल्या अभ्यासात असे टोमणे सार्वत्रिक नसल्याचे दिसले. ते उगवत तेथे बहुधा वरच्या तुकड्या जवळजवळ केवळ गोऱ्या मुलांनी भरलेल्या असत. तुकडी कोणी पाडली हा प्रश्न मुलांच्या मनोवृत्तीच्या आधीचा आहे. शिस्तीचेही तेच. शाळेतून निलंबित होणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण त्यांच्या पटसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त असते, आणि जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा केंद्राने २०१७ मध्ये दाखवल्याप्रमाणे प्रौढांना कृष्णवर्णीय मुली पाचव्या वर्षापासूनच त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि अधिक जाणत्या वाटतात. ज्या मुलीला पोर म्हणून सवलत मिळत नाही, तिची उदासी उद्धटपणा म्हणून वाचली जाते.

अशा अनुभवांची रोजची मोजदादही झाली आहे. वॉशिंग्टन परिसरातील १३ ते १७ वर्षे वयाच्या १०१ कृष्णवर्णीय किशोरांनी दोन आठवडे रोज भरलेल्या नोंदींचा डेव्हिन इंग्लिश आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की वांशिक भेदभावाचे अनुभव दिवसाला सरासरी पाचांहून अधिक होते, त्यांतले बरेच इंटरनेटवरचे होते, आणि अनुभव वाढले की पाठोपाठ उदासीची लक्षणेही वाढत. यांतला एकेक अनुभव घेतला तर तक्रार करण्याइतका मोठा नसतो : दुकानात पाठीमागे फिरणारा नोकर, केसांना हात लावून पाहणारी वर्गमैत्रीण, मोबाइलवर आलेला विनोद. मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० मध्येच अशा बारीक आघातांना शास्त्रीय संज्ञा दिली होती आणि त्यांचे वजन त्यांच्या साचण्यात असते हे सांगितले होते.

मानसिक आजारांचे आकडे या पार्श्वभूमीवर वाचावे लागतात, आणि जपूनही. कृष्णवर्णीयांत आत्महत्या कमी, अशी समजूत दीर्घकाळ होती व प्रौढांपुरती ती बरीच खरीही होती. मायकल लिंडसे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये माध्यमिक शाळांतील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे दाखवले की १९९१ ते २०१७ या काळात कृष्णवर्णीय किशोरांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण शेकडा ७३ ने वाढले. जेफ्री ब्रिज यांच्या २०१८ च्या अभ्यासात ५ ते १२ या वयोगटात कृष्णवर्णीय मुलांचा आत्महत्येचा दर गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट आढळला. आणि १० ते २४ या वयोगटात २०१८ ते २०२१ या अवघ्या तीन वर्षांत कृष्णवर्णीयांचा दर शेकडा ३६.६ ने चढला. अमेरिकी काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने नेमलेल्या कृतिदलाने डिसेंबर २०१९ मध्ये यावर स्वतंत्र अहवाल दिला. ही वाढ आत्मसात वंशद्वेषामुळे झाली असे म्हणण्यास पुरावा नाही. घरातील ताणतणाव, बंदुकांची सहज उपलब्धता, उपचारांचा अभाव अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली आहेत. जो दावा आधाराने करता येतो तो मर्यादित आहे : स्वतःच्या समूहाविषयीच्या हलक्या समजुती ज्यांनी अधिक प्रमाणात मानल्या त्यांच्यात उदासी व चिंता अधिक आढळते.

शिवाय मदत मागण्याच्या वाटेवरही इतिहास आडवा येतो. लुइझियानातील डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट यांनी १८५१ मध्ये गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेलाच मनोविकार ठरवले होते. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारावाचून ठेवून त्यांचे निरीक्षण केले गेले. क्लार्क दांपत्याने १९४६ मध्ये हार्लेममध्ये मुलांसाठी मानसोपचार केंद्र उघडले तेव्हा शाळांनी मंदबुद्धी ठरवलेली मुले घेऊन पालक आले आणि तपासणीत त्यांतल्या अनेकांची बुद्धी सर्वसाधारण निघाली. आजही किशोरांतील नैराश्य चिडचिड, अंगदुखी किंवा भांडखोरपणाच्या रूपाने प्रकटते तेव्हा गोऱ्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे आणि कृष्णवर्णीय मुलाला मुख्याध्यापकांकडे पाठवले जाण्याचा संभव अधिक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ संघटनेने आपल्या शास्त्राच्या या वाट्याबद्दल ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही, आणि त्याचे नाते ओढूनताणून आणलेलेही नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले तेथूनच पुढे मेमी आणि केनेथ क्लार्क यांनी डॉक्टरेट मिळवली. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने नावासह प्रेरणा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पँथर संघटनेकडून घेतली. अमेरिकेत २०२० मध्ये उसळलेल्या वंशद्वेषविरोधी आंदोलनानंतर भारतात गोरेपणा विकणाऱ्या एका प्रसिद्ध मलमाला नाव बदलावे लागले आणि एका विवाह-संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली, हे अगदी अलीकडचे. तरीही जात आणि वंश यांचा सांधा जुळवताना सबुरी हवी. जात आडनावाने, वस्तीने, प्रश्नांनी हुडकली जाते आणि काही वेळा लपवताही येते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलाला लपवण्याची मुभा नसते, आणि लपवण्याच्या ताणाऐवजी सतत दिसत राहण्याचा ताण त्याच्या वाट्याला येतो.

मूल आणि जगाचा निरोप यांच्यामध्ये कोण उभे असते, या प्रश्नावर अलीकडचे संशोधन अधिक फलदायी ठरले आहे. आईवडील मुलांना वंशाविषयी जे सांगतात, दाखवतात आणि करून घेतात त्या सर्वाला अभ्यासक वांशिक सामाजीकरण म्हणतात. डायेन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याचे प्रकार वेगळे केले : आपल्या संस्कृतीचा अभिमान रुजवणे, भेदभावाची पूर्वतयारी करून घेणे, इतरांवर विश्वास टाकू नये असे शिकवणे, आणि रंग मुळी मनातच न आणणे. पहिल्या प्रकाराचा लाभ बऱ्यापैकी सातत्याने दिसतो. दुसऱ्याचा परिणाम मात्रेवर अवलंबून असतो, कारण पोलिसांनी अडवले तर हात कोठे ठेवावेत हे मुलाला सांगावेच लागते, पण केवळ तेवढेच सांगितले तर जगाचे मत त्याला आणखी स्पष्ट ऐकू येते. फिलाडेल्फियात हॉवर्ड स्टीव्हन्सन यांनी बास्केटबॉलच्या मैदानावर आणि केशकर्तनालयांतही मुलांसोबत काम केले. त्यांच्यासह रियाना अँडरसन यांनी आखलेल्या कुटुंबोपचारात पालकाशी आणि मुलाशी आधी वेगवेगळे बोलून मग दोघांना एकत्र बसवतात, कारण मुलाशी वंशाविषयी बोलताना पालकाच्या स्वतःच्या किशोरवयातले न बोललेले प्रसंग वर येतात आणि ते आधी मोकळे झाल्याशिवाय संभाषण उपदेशाच्या पुढे सरकत नाही.

घरात असे काम चालू असताना दाराबाहेर मात्र जुनीच ओढाताण सुरू आहे. नैसर्गिक केस व त्यांच्या पारंपरिक रचना यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये केला, मागोमाग अनेक राज्यांनी तो स्वीकारला, आणि टेक्सासमध्ये तो सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. त्याच सुमारास त्या राज्यातील एका शाळेने जटांसारख्या वेण्या घालणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वर्गाबाहेर ठेवले. शाळेचे म्हणणे असे की आक्षेप वेणीला नाही, ती सोडली असता होणाऱ्या केसांच्या लांबीला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधीशांनी, कायद्यात केसांच्या रचनेचा उल्लेख आहे, लांबीचा नाही, म्हणून शाळेचा नियम कायद्यात बसतो असा निर्णय दिला. त्या शैक्षणिक वर्षातला बहुतेक काळ त्या विद्यार्थ्याने नेहमीच्या वर्गापासून दूर काढला.